कळंबच्या स्थळाची चौकशी

४ जाने. ५९, रवि.

दादा नागपूरहून आला. वहिनीनं बजावून सांगितलं होतं, रजईचं कापड आणा. आणलं काय? सुतळीनं बांधलेला अमेरिकन मासिकांचा गठ्ठा. लढाईच्या वेळी गोऱ्या शिपायांनी टाकलेले अंक, जुन्या बाजारात वजनावर मिळतात म्हणे. पान उलटलं की तुकडा हातात. वरच्या चित्रात फाटक्या झग्यातली बाई किंचाळतेय, मागे टोपीवाला पिस्तूल रोखून. वहिनीनं पदर तोंडाला लावला. "अव माय! हे देवाच्या कोनाड्याखाली ठेवून राह्यले काय?" आता सगळ्यांवर वर्तमानपत्राची कव्हरं चढवायचं काम माझ्याकडे. खळही मीच शिजवायची.

संध्याकाळपासून दादाचं दातात काडी धरून तिरकं बोलणं चालू. सरकी काढायच्या जिनातला हेडक्लार्क, दिवसभर कापसाच्या बैलबंड्यांचे आकडे लिहितो अन् घरी आला की डिटेक्टिव्ह. त्या गोष्टींत बायकांना जे म्हणतात त्याचं भाषांतर करून वहिनीला म्हणाला, "काय म्हणते बाहुली?" तिनं पातेलं आदळलं. नंतर चुलीपाशी एकटीच हसत होती, मी पाहिलं.

७ जाने.

बाळाभाऊ मध्यस्थ येऊन गेले. कळंबचं स्थळ. मुलगा शाळेत मास्तर. वडील नाहीत, आई आहे, घरात काकांचं चालतं. रविवारी पाहायला येतात.

दादानं पहिलाच प्रश्न काय विचारावा? "मुलाचा भूतकाळ?"

बाळाभाऊ म्हणाले, "अहो, पंचविशीतला पोट्टा, त्याले कायचा भूतकाळ!"

झालं सुरू. मागच्या वर्षी फुलसावंगीचं असंच. चांगली शेतीवाली माणसं. दादा त्या मुलाच्या मागे बाजारभर फिरला, त्यानं कोणाला तरी पाकीट देताना पाहिलं, अन् ब्लॅकमेल ठरवून मोकळा. पाकिटात त्याच्या मावसबहिणीची पत्रिका होती. हे कळेपर्यंत त्यांनी दुसरीकडे सुपारी फोडली. त्याच्या आधी वणीचं. ते तर लिहीतही नाही, पुन्हा डोकं फिरेल.

अन् विहिरीवर बाया मलाच विचारतात, "कुमुद, तुह्यं काहून जमून नाही राह्यलं वं?" खोट माझ्यात शोधतात. तेविसावं सरलं मला. आई-बाबा असते तर... जाऊ दे. आता याही वेळी दादानं घोळ घातला तर चौथं कोणी दारात येणार नाही.

११ जाने., रवि.

आले. चिवडा, चहा. काकांनी विचारलं शिवण येतं का. त्याच्या आईनं चालून दाखवायला लावलं. मग एकदम मास्तरनंच विचारलं, "वाचता काही?"

वहिनी दाराआडून खुणा करते, पोथी सांग, पोथी. माझ्या तोंडून निघून गेलं, "खुनाच्या गोष्टी. अमेरिकन. डिक्शनरी घेऊन."

काकांना ठसका. मास्तर म्हणाला, "मी पण वाचल्या, बोर्डिंगात होतो तवा. मले एक सांगा, त्या माणसाच्या डोक्यात दर वेळी मागूनच काहून मारतात? एकदा तरी वळून पाहावं ना त्यानं!"

बशी हिंदकळली हातातली. दाखवायच्या दिवशी कोणी इतकं हसतं का?

मला आवडला. लिहून टाकलं.

१३ जाने.

त्यांचा होकार आला!! आता फक्त आपल्याकडून चौकशी. चौकशी सगळेच करतात. एखाद्या शेजारणीला गाठायचं, घरच्या रीतीभातीचं विचारायचं, संपलं. दादाचे डोळे असे चमकले की मला तिथंच कळलं.

म्हटलं, "दादा, वहिनीची मावशी राहते कळंबला. तिला विचार, चिंतामणीचं दर्शन घे अन् ये."

"कुमुद, माणसं खोटं बोलतात. पुरावे बोलत नाहीत खोटं."

"पुरावे बोलतच नाहीत, म्हणून तर म्हणते मावशीला विचार."

ऐकलं असेल तर शपथ.

१७ जाने.

दादानं ऐन सीझनात रजा टाकली. जिनासमोर बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत, मालक खवळलेले, अन् हा बाबांची जुनी फेल्ट हॅट घालून कळंबला. त्या गोष्टींत सगळे हॅट घालतात ना! कळंबात कोण घालतं? लोकांना वाटलं देवी टोचणारा साहेब आला. बायांनी पोरं घरात कोंडली. एका म्हातारीनं दंड पुढे केला, टोच म्हणाली. शेवटी मावशीनंच ओळखलं, हात धरून घरी नेलं, जेवू घातलं.

इथवर मी अन् वहिनी पोट धरून हसत होतो.

मग दादा म्हणाला, पानवाल्याकडून एक खबर आहे. मास्तर दर रविवारी सकाळच्या मोटारीनं यवतमाळला जातो, संध्याकाळी परत. घरी सांगतो शाळेचं काम.

"रविवारी कोणती शाळा असते?" काडी इकडून तिकडे. "बाई आहे. नेहमी बाईच असते."

तव्यावरची पोळी जळली.

२१ जाने.

चीड चीड चीड. दादाची, मास्तरची, माझी पण.

दुपारी गठ्ठ्यातल्या आणखी गोष्टी वाचल्या. सगळ्या त्याच. एक माणूस, एक खोली, टेबलात बाटली. बाई येते, रडते, मदत मागते. हा तिला तोडून बोलतो. मग मार खातो, उठतो, पितो, परत तिथंच जातो मार खायला. शेवटी रडणारी बाईच खुनी, अन् हा तिच्यावर जीव असूनही तिला पोलिसांच्या हवाली करतो. मग एकटा रस्त्यानं चालत जातो. मोठा शहाणा! याला जेवायला कोण वाढतं? याला आई नाही, बहीण नाही, भाचा नाही, सणाला कोणाकडे जात नाही. ज्याच्या घरी कोणी नाही त्याला कोणावर भरवसा न ठेवणं परवडतं.

दादाला म्हटलं हे. म्हणाला, "तुले त्यातलं मर्म नाही समजत."

मर्म! बाटली नाही तर लिंबाचं सरबत एका घोटात पिऊन पेला आपटतो. मर्म म्हणे.

२६ जाने.

काल गेला होता यवतमाळला मास्तरच्या मागावर. हॅट घरी ठेवली, तेवढी अक्कल आली. तर म्हणे मास्तर हातात डबा घेऊन स्टँडवरून निघाला, गावाबाहेरच्या एका ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात मागच्या दारानं शिरला. बऱ्याच वेळानं बाहेर, हातात तोच डबा. गॅरेज एका मुसलमान मिस्त्रीचं. दादाचा निष्कर्ष: चोरीच्या मोटारींचे सुटे भाग.

मी म्हटलं, "डब्यात?"

"लहान भाग."

वहिनी भडकली. "कडीचा पितळी डबा ना? मंग भाजी असन त्यात! बह्याडासारखं काय बोलून राह्यले तुम्ही?"

बरं वाटलं क्षणभर. मग तो म्हणाला, डबा घ्यायला दारात एक बाई आली होती. हिरव्या बांगड्या. मास्तरनं तिच्या कडेवरचं पोर घेतलं, ते त्याच्या गळ्यातच पडलं.

रडले. मागच्या अंगणात जाऊन, पण रडले. वहिनी आली, काही न विचारता शेजारी बसून लसूण सोलत राहिली.

२ फेब्रु.

काल परत गेला. मीच म्हटलं जा. अर्धवट ठेवू नको, काय ते नक्की करून ये. नसतंच कळलं तर बरं होतं असंही वाटत होतं.

आला तो काडी नाही, तिरकं बोलणं नाही. जेवून उठल्यावर सांगितलं.

मास्तर निघून गेल्यावर हा अजून समोरच्या कडुलिंबाखाली उभाच. मिस्त्री हात पुसत आला. "साहब, पिछले इतवार भी आप यहीं खड़े थे। गाड़ी आपके पास है नहीं, तो बिगड़ेगी क्या? अंदर बैठिए, चाय पीजिए।" रहीमभाई नाव. आत नेलं, खुर्ची पुसून दिली. मग ती बाई चहा घेऊन आली अन् दादाकडे पाहून म्हणाली, "तुम्ही कुमुदचे दादा ना? मनोहर सांगत होता, गोरे, दातात काडी."

मनोहर म्हणजे मास्तर, अन् ती त्याची थोरली बहीण. सुशीला. आपल्या मनानं रहीमभाईशी लग्न केलं म्हणून काकांनी तिच्या नावानं आंघोळ केली. घरात नाव काढायचं नाही. काकांना माहीत नाही मास्तर जातो ते. आई दर रविवारी डबा भरून देते, पण कोणासाठी ते विचारत नाही. डबा परत येतो तेव्हा धुतलेला असतो, त्यात लेकीनं काहीतरी घातलेलं असतं. आई तेही विचारत नाही.

दादा म्हणाला, "बंद. लपवलं त्यांनी. हे स्थळ बंद."

३ फेब्रु.

भांडण. आयुष्यात दादाशी इतकं बोलले नव्हते.

म्हटलं, तू एवढे दिवस याच्या मागे फिरलास, काय सापडलं तुला? घरच्यांनी मेली म्हणून आंघोळ केली त्या बहिणीकडे हा दर रविवारी जातो. याहून चांगलं काय सापडायला पाहिजे होतं?

तो: "लोक काय म्हणतीन? उद्या तुह्या पोराबाळांचं..."

मी: "लोक आत्ता काय म्हणतात ते विहिरीवर येऊन ऐक एकदा."

तो: "लपवलं, कुमुद. खरं असतं त सांगितलं असतं."

मी: "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? हेच ना?"

मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "दादा, मी गेले असते अशी कोणाकडे, तर तू आला असतास का रविवारी?"

"तू नाही जात."

"आला असतास का?"

उठून गेला. जोडे विसरून गेला. परत येऊन घातले, माझ्याकडे पाहिलं नाही.

६ फेब्रु.

बाळाभाऊ उत्तर घ्यायला आले. दादा म्हणाला, "जराक थांबा. विचार करून राह्यलो." नाही म्हणाला नाही! पण हो पण नाही. बाळाभाऊ म्हणाले, लग्नसराईच्या आत काय ते सांगा, काकांजवळ दुसरी पत्रिका आहे.

ते गेल्यावर वहिनी, जी दादासमोर कधी मोठ्यानं बोलत नाही (पातेली आदळते फक्त), पोतेरं हातात घेऊन म्हणाली, "माह्या भावाचं घर कुठं हाय? वणीले. किती लांब हाय? भाऊबीजेले मी ताट करून दिवसभर वाट पाह्यते. त्याले तर कोणी येऊ नको नाही म्हटलं ना? हा पोट्टा चोरून जाते त तुमाले तो चोर वाटते?"

दादा भिंतीकडे पाहत बसला. वहिनी पुसत राहिली, पुसलेलीच जागा परत परत.

मला माहीत नव्हतं हे. इतकी वर्षं एका घरात राहून. भाऊबीजेला मी दादाला ओवाळण्यात दंग.

८ फेब्रु., रवि.

काय लिहू.

सकाळी दारात मास्तर! एकटा. आज त्याचा यवतमाळचा दिवस. सुशीलाताईनं एका ट्रक ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला होता त्याला, मुलीचे दादा येऊन गेले म्हणून.

बैठकीत बसला नाही, उभ्यानंच दादाला म्हणाला, "तुम्हाले दोनदा उन्हात उभं राहावं लागलं. मीच येऊन सांगायले पाहिजे होतं. भ्यालो. ताईचं ऐकलं की लोक उठून जातात, दोन ठिकाणी झालं तसं."

म्हणजे त्याचीही दोन मोडली! दारामागे वहिनीनं माझा हात घट्ट धरला.

दादा म्हणाला, "काकांना माहीत आहे?"

"नाही. तुम्ही सांगितलं त मी नाही म्हणणार नाही. पण माझा रविवार मी सोडणार नाही. लग्न झालं तरी नाही. हे आधी सांगायले आलो."

दादानं खिशातून काडी काढली, दातात न धरता मोडली. मग मला काय झालं, वहिनीचा हात सुटला अन् मी बैठकीत. डोक्यावर पदर नाही, हाताला कणीक.

"मी पण येईन," म्हटलं. "रविवारी."

मास्तर माझ्याकडे पाहतच राहिला. दादा म्हणाला, "कुमुद, आत जा." ओरडून नाही. हळूच. म्हणून जास्त भीती वाटली.

वहिनीनं कोणालाही न विचारता चौघांची पानं वाढली. दादा मास्तरच्या शेजारी जेवला. एकदा भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. मग दुपारच्या मोटारीवर सोडून येतो म्हणून त्याच्याबरोबर निघाला. मास्तरनं जाताना मागे वळून पाहिलं. मी खिडकीत होतेच.

मोटार गेल्याला आता खूप वेळ झाला. दिवेलागण झाली, दादा नाही. वहिनी म्हणाली, जिनात जाऊन बसले असतीन रागानं. मी जिनाच्या चौकीदाराला विचारून आले. तिथं नाही. येताना स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "तुमचे दादा? ते त चढले ना मोटारीत, त्या पाहुण्यासंग. दोन तिकिटं त्यायनंच काढली."

ती मोटार यवतमाळला स्टँडवर बराच वेळ थांबते, तिथून रहीमभाईंचं गॅरेज पायी आहे. मग पुढे कळंबला जाते, थेट काकांच्या दारावरून. कुठं उतरला असेल दादा?