ससाण्याचा झाला बटाटा

तीर्थरूप मावशीस,

टाचा जुळवून, हनुवटी वर करून आणि (हे परेडमध्ये चालत नाही, पण पत्रात चालतं) कमरेत पूर्ण वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला अजून घरभर हिंडतो, की डॉक्टरांनी त्याला एकदाचं हाकललं? मी मजेत आहे. तुझा धाकटाही मजेत आहे. तो कायमच मजेत असतो आणि हेच माझं दुखणं आहे, पण त्याकडे ओघाने येईनच.

आमच्या पलटणीचा रिवाज तू स्वतः येऊन पाहिला आहेस. तरी पुन्हा सांगतो, कारण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझा राग नीट तापत नाही. रंगरुटाच्या, म्हणजे नव्याने भरती झालेल्याच्या, डोक्यावर आधी नुसती बोडकी टोपी. पाठीवर ओझं घेऊन डोंगराची धार ओलांडून आला, की मग त्या टोपीला पितळी बिल्ला, पंख पसरलेल्या ससाण्याचा. तो लावायचा आपल्या माणसाच्या हातून, आणि एका पाहुण्याने एकालाच. आता मी धाकट्याच्या आधी भरती झालो होतो. पण पहिल्या खेपेला मला ताप आला, दुसऱ्या खेपेला शेळ्यांची पायवाट माणसांची समजून मी शेळ्यांच्याच गोठ्यात पोचलो (त्यांनी चांगली वागणूक दिली), आणि तेवढ्यात हा मागून येऊन माझ्याच रांगेत उभा राहिला. त्या दिवशी तू आलीस, आमच्या दोघांच्या समोर थांबलीस, आणि बिल्ला लावलास त्याला. मला लावला स्टोअरवाल्याने. त्याला सर्दी झाली होती. ऐन टोचण्याच्या क्षणी तो शिंकला आणि पिन टोपीतून कपाळात गेली. मी तुला दोष देत नाही. (देतो. पण पत्रात असं लिहायची पद्धत आहे.) तो तुझ्या पोटचा, मी तुझ्या बहिणीचा. आई गेल्यावर तूच मला उचलून आणलंस, न्हाऊ घातलंस, बदडलंस, आणि त्यातलं काहीही त्याच्यापेक्षा कमी दिलं नाहीस. म्हणून तर त्या एका पिनेचं मला इतकं लागलं.

त्यानंतर तर याला दिवसेंदिवस भरतंच आलं. याचे बूट असे चमकतात की शेजारचा त्यात बघून दाढी करतो. याच्या पलंगावरच्या चादरीला सुरकुती पडत नाही. झोपतो की नुसता वर ठेवलेला असतो, देव जाणे. आणि मध्यंतरी याच्या बाहीवर एक फीत चढली. लान्स नाईक! ज्याला मी नाक शिंकरायला शिकवलं, तो आता 'सावधान' म्हणतो आणि मला सावधान व्हावं लागतं. बरं, फीत मिळाल्यावर माणसाने थोडी तरी शेखी मिरवावी, म्हणजे आपल्याला नावं ठेवता येतात. तेही नाही. आला आणि मलाच विचारतो, 'दादा, फीत सरळ शिवली गेलीय ना रे?' सरळच होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, डावीकडे कललीय. त्याने बिचाऱ्याने उसवून पुन्हा शिवली.

फीत काही मी स्वतःला लावू शकत नव्हतो. पण पलटणीत फितीहून मोठी एक गोष्ट आहे, ती म्हणजे गुळगुळीत बिल्ला. वर्षानुवर्षं रोज घासून जुन्या जवानांच्या बिल्ल्यावरचा ससाणा झिजतो, त्याची पिसं जातात, चोच बोथट होते. असा बिल्ला दिसला की सुभेदारसुद्धा आवाज खाली आणतात. मी विचार केला, वर्षं लागतात ती आळशी माणसाला. मग रोज दुपारी कपडे धुवायच्या दगडामागे बसून राख, विटेची भुकटी आणि चिंधी घेऊन मी कामाला लागलो. आधी पिसं गेली, तेव्हा ससाणा अनुभवी दिसू लागला. तिथेच थांबायला हवं होतं, पण मला धाकट्याची फीत डोळ्यांसमोर दिसत होती. मग चोच गेली आणि कोंबडी झाली. कोंबडी घेऊन परेडला कसं जाणार, म्हणून आणखी घासलं, तर पंख गेले. शेवटी जे उरलं त्याला पक्षी म्हणणं कठीण होतं. बटाटा म्हणता आलं असतं.

आणि नेमके त्याच आठवड्यात नवे कर्नलसाहेब आले. हे साहेब तपासणीला रांगेतून चालतात तेव्हा त्यांची नजर टोपीच्या खाली उतरत नाही. माझ्यापाशी आले आणि थबकले. बटाट्याकडे असे भारावून बघत राहिले की मलाही क्षणभर स्वतःबद्दल आदर वाटला. आता रिवाज असा आहे, की नवे रंगरूट आले की त्यांना पलटण पूर्वी लढली त्या पुलाच्या लढाईची हकिगत सांगायची, आणि ती सांगायचा मान ज्याचा बिल्ला सगळ्यांत गुळगुळीत त्याचा. साहेब म्हणाले, आज जेवणानंतर हाच जवान सांगेल. सुभेदारांना सगळं ठाऊक होतं. पण परेडवर साहेबांचं वाक्य कोणी खोडत नाही, शिवाय (हे मला नंतर कळलं) त्यांनाही गंमत बघायची होती.

जेवणं झाली. उभा राहिलो, चाचरत सुरुवात केली. पण समोर ते कोवळे चेहरे आ वासून ऐकायला लागले, तिसऱ्या बाकावर तुझा चिरंजीव फितीसकट बसलेला दिसला, आणि माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. 'त्यांनी पूल उडवला' म्हणता म्हणता 'आम्ही पूल उडवला' कधी झालं कळलंच नाही. मग नदीत उडी मारली, पाणी किती गार होतं ते सांगितलं, एका जखमी दोस्ताला पाठीवर घेऊन पैलतीर गाठला. एक रंगरूट रडला. खरं सांगतो, मलाही भरून आलं. तेवढ्यात कर्नलसाहेबांची नजर पहिल्यांदाच टोपीच्या खाली उतरली. त्यांनी माझा चेहरा नीट बघितला आणि फार प्रेमाने विचारलं, की त्या लढाईच्या वेळी तुझं वय काय होतं? मावशी, तू मला खोटं बोलू नकोस असं शिकवलंयस. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, साहेब, तिसरीत होतो.

पुढचं सगळं लिहीत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बिल्ला काढून घेतला, बोडकी टोपी पुन्हा डोक्यावर आली, आणि हुकूम झाला की रंगरुटांबरोबर धार परत ओलांडायची. तुकडीवर लान्स नाईक कोण, हे सांगायला नको. मी ठरवलं होतं, हा एक शब्द जरी टोचून बोलला तर ओझं तिथेच टाकायचं. हा बोललाच नाही. पुढे राहायचं सोडून माझ्यामागे माझ्याच गतीने चालत राहिला, आणि शेळ्यांची पायवाट फुटते तिथे नुसता खाकरला. धार ओलांडली, मावशी. या वेळी माणसांत पोचलो. पण त्या खाकरण्याचे उपकार आता जन्मभर वागवावे लागणार, म्हणून जळफळाट होतो तो वेगळाच.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
थोरला

ता. क. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मला नवा बिल्ला मिळायचा आहे. सुभेदारांनी विचारलं, कोण लावणार? मी तुझं नाव सांगून बसलोय. तू नाही आलीस तर स्टोअरवाला आहेच, त्याची सर्दी अजून गेलेली नाही. हे पत्र एवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं. वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल.

ता. क. २. धारेवर पाणी प्यायला थांबलो तेव्हा धाकटा म्हणाला, 'दादा, बिल्ल्याच्या दिवशी आई तुझ्याकडेच निघाली होती, मीच तिचा हात धरून ओढला.' का, तर म्हणे घरात तू कोणालाही हाक मारताना आधी माझंच नाव घेतेस आणि मग जीभ चावून त्याचं. लहानपणापासून हा माझ्यावर जळतोय! मी त्याच्यावर जळत होतो तेव्हा हा माझ्यावर! तू मात्र आजवर अवाक्षर काढलं नाहीस. इतका आनंद मला दोन्ही वेळा धार ओलांडूनही झाला नव्हता. आईला सांगू नकोस असं त्याने बजावलंय, म्हणून लगेच कळवतोय.

ता. क. ३. रविवारी तू मला बिल्ला लावशील तेव्हा तो शेजारीच उभा असेल. 'सावधान'चा हुकूम त्याचाच, त्यामुळे त्याला मान वळवता यायची नाही. माझी पिन लावून झाली की एकदा त्याच्याकडेही बघ. थोडंसंच.