चौथा टाक

अप्पा, काल आपल्या देव्हाऱ्यातले चारही टाक घेऊन सराफाकडे गेले होते. त्यातला एक फाटला. इतकी वर्षं रोज न्हाऊ घालून, पुसून चांदीचा पत्रा कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला होता. परवा पुसताना माझं बोटच आरपार गेलं. फाटलेला टाक पुजू नये, हे तुम्हीच सांगायचात. म्हणून म्हटलं, सगळेच नवे करून घेऊ आणि जुने कावेरीत सोडू. खरं तर दुकानाशी रिक्षातून उतरतानाच मी दमले होते. हल्ली सगळ्यानंच दमते.

सराफ तरुण पोरगा. टाक म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. तळहातावर घेऊन कानडीत विचारतो, हे पेंडंट का, कडी लावून देऊ का? पुण्याहून आलेल्या शेजाऱ्यांची मुलगी तर यांना मेडल समजते, "काकू, हे तुम्हाला शाळेत मिळाले?" म्हणते. मी सराफाला समजावलं, गळ्यात घालायचे नाहीत रे बाबा, आमच्या कुळाचे देव आहेत. "सरी. याव देवरु, मेडम?" बरं, कुठले देव? मी चष्मा सारखा करून एकेक टाक डोळ्यांशी धरला. एकावर घोड्याचे पाय दिसतात, तो खंडोबा, एवढं कळलं. बाकीच्यांची तोंडं तुमच्या नि माझ्या अंगठ्यानं पार पुसून टाकलेली.

तो रविवार मला अजून दिसतो. कामावर जायला हुणसूरची बस गाठायची घाई नाही, म्हणून तुम्ही निवांत पूजेला बसला आहात. धाकट्या भावाला मांडीशी घेऊन त्याचं बोट एकेका टाकावर ठेवत हळू आवाजात नावं सांगताय. मी स्वयंपाकघराच्या दारात, हाताला चिंचेचा कोळ लागलेला. ऐकायला जरा पुढे सरकते. "इदेल्ला निनग्याके? हे सगळं तुला कशाला? तू तिकडे आईला बघ," तुम्ही मानही वर करत नाही. "तुला तुझ्या घरचे देव असतील." तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नव्हतं, रीतच होती ती.

पण अप्पा, माझं ते घर झालंच नाही. शाळेत नोकरी लागली, आई अंथरुणाला खिळली, मग तुम्ही. धाकटा परदेशी गेला. काल दुकानातूनच त्याला फोन लावला. "मला काय गोत्तु, अक्का? एवढासा होतो मी. कुठलेही सांग, देवच ना सगळे!" मला राग आला. त्याचा नाही, तुमचा आला. ज्याला सांगितलंत त्यानं कधी फूल वाहिलं नाही, आणि मी तापात, दुखऱ्या गुडघ्यांनी, कुणाला वाहतेय ते न कळता वाहत राहिले. तुम्ही समोर असतात तर हे बोलले नसते. हा कागद कुठे पोचायचा नाही, म्हणून लिहितेय.

दोन देव मी अंदाजानं सांगितले, भवानी आणि जोतिबा. आपल्या घरच्या आरत्यांत तेच होते. चौथ्याला म्हटलं, बाई काढ. उभी. शेजारी नवरा दाखवू का, जोडपं शोभून दिसतं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, नको, एकटीच असू दे, हातात फुलं दे. पुढच्या आठवड्यात टाक मिळतील. कुणी विचारलंच तर घरातली पूर्वज म्हणून सांगेन आणि तुमच्या देवांच्या रांगेत बसवेन. तिला चष्मा घाल, असंही सांगणार होते. तेवढा धीर झाला नाही.