मधला मजला सोडून

३ जानेवारी
लेक दोन महिने कॉलेजला गेलेली नाही. अंथरुणातून उठत नाही, केस विंचरत नाही. बायकोने मानसोपचाराच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय, सोमवारची. पण कारण मी शोधून काढलं. व्हिडिओ पाहिला, एपिजेनेटिक्सवर. भोगलेल्या ताणाच्या खुणा जनुकांवर बसतात, पुढच्या पिढीतही उतरत असतील म्हणे. अजून नक्की नाही, असंही व्हिडिओतला माणूस सांगत होता, तेवढा भाग मी पुढे सरकवला. माझे वडील शेवटची तीन वर्षं पडूनच होते. तिथून हे आलं. मी मात्र ठणठणीत. म्हणजे मधला मजला सोडून थेट वर. एकवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, एवढं कळतं.

४ जानेवारी, सकाळी ७
खुणा पुसटही होतात म्हणे. उपाय: घरात शून्य टेन्शन. फ्रिजवर नियम लावले. रडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. आजोबांचा विषय बंद. अपॉइंटमेंट रद्द केली. दवाखान्याचंच टेन्शन जास्त.

७ जानेवारी
दोघी दवाखान्यात जाऊन परत आल्या. यादीत नावच नाही. सांगायचं राहिलं माझ्याकडून. लेक किती दिवसांनी अंघोळ करून बाहेर पडली होती, म्हणून बायकोने आवाज चढवला. मी शांतपणे नियमाकडे बोट दाखवलं. मग बशी फुटली. बशी माझ्या हातात होती, एवढं खरं.

१४ जानेवारी
झोप नाही, जेवण जात नाही. कामाचा ताण, दुसरं काय! सुपरवायझरने विचारलं, मशीनरूममध्ये तीन तास काय करत होतास? इन्स्पेक्शन, म्हटलं. पाना न उचलता? म्हणाला. आठवडाभर सुट्टी घ्यायला लावली. बरंच झालं, लेकीकडे लक्ष देता येईल.

१७ जानेवारी
लेकीने स्वतः चहा आणून दिला! उपाय लागू पडतोय. उठून प्यायचा होता. राहिला. बायको म्हणते, लेक दारात उभी राहून तुमचा श्वास चालू आहे ना बघते. काहीतरीच.

२१ जानेवारी
लेकीने परत अपॉइंटमेंट घेतली. सोबत म्हणून गेलो. फॉर्मवर रकाना: घरात आणखी कोणाला त्रास? मी म्हटलं, आजोबा लिही. तिने लिहिलं, वडील. खोड ते, म्हटलं. ती हळूच म्हणाली, बाबा, आजोबांना मी पाहिलंसुद्धा नाही. मी लहानपणापासून तुमच्या बंद दाराबाहेर बसलेय.
आधी राग आला. मग फार लाज वाटली.
नर्सने पहिलं नाव पुकारलं ते माझं. लेकीने दोन अपॉइंटमेंट घेतल्या होत्या. मला उठता येईना. तिनेच हात दिला.