डिकीत न मावलेली खुर्ची

१८ जाने., रविवार
गाडी बघून आलो. मिलिंद, मी, आमची सानू. आबांनाही मुद्दाम नेलं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, बापाच्या तोंडून 'छान' ऐकायचं होतं मला, बाकी काही नाही. दोन गाड्या बघितल्या. एक उंच, खोक्यासारखी. दुसरी बुटकी, लाल, सीएनजीवाली. अर्धांगाच्या झटक्यापासून आबांचा डावा पाय उचलत नाही. लाल गाडीत बसताना सेल्समननं डोक्यावर हात धरून आत घेतलं. बाहेर आल्यावर आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "नंदे, ती उंच बघ. चढायला बरी." मी म्हटलं, आपल्या गल्लीत लावायला जागा नाही, शाळेत रोज मलाच न्यायची आहे, लहानच सोयीची. सानूला लाल हवी होती. खरं तर मलाही. लाल बुक केली.

८ फेब्रु.
गाडी आली. आबांनी बुद्धमूर्तीपुढची फुलं बॉनेटवर ठेवली. पेढे वाटून झाले. मग मि.नं आबांची चाकाची खुर्ची घडी करून डिकीत घालून बघितली. आडवी, उभी, तिरकी. सिलिंडरनं सगळी डिकी खाल्लीय. मागच्या सीटवर ठेवली तर सानू कुठं बसणार? मायलेज विचारलं, सर्व्हिसिंग विचारलं, सीट कव्हरचे रंग अर्धा तास बघितले. खुर्ची सोबत नेऊन बघायचं कुणालाच... मलाच सुचलं नाही. आबा दारात बसून सगळं बघत होते. म्हणाले, "राहू दे. मला कुठं जायचंय?"

१ मार्च, रविवार
येवल्याला जाऊन आलो. आत्या आजारी आहे, आबांची एकुलती बहीण. तिचं घर पार आत, गल्लीत. खुर्चीशिवाय आबांना जमणार नाही. सानू तर आठवडाभर लांबच्या फेरीच्या नावानं नाचत होती. आबांना म्हटलं, पुढच्या वेळी नक्की तुम्हाला नेते. "जाऊन या," एवढंच. शेजारच्या काकूंना त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं.
आत्या एवढीशी झालीय. आधी विचारलं, "दादा कुठंय?" मी म्हटलं, थोडा ताप आहे. कसं निघालं तोंडातून, कळलं नाही. मग माझ्याशी बोलत होती, पण नजर दाराकडे. शेजारच्या हातमागाचा आवाज थांबला की मान उचलायची.
घरी आल्यावर आबांनी विचारलं, कशी आहे? म्हटलं, बरी आहे. एका दिवसात दोन.

१३ मार्च
आत्या गेली. सकाळी तिच्या मुलाचा, रवीचा फोन आला. सानूला काकूंकडे सोडलं. आबा पुढे, मि. गाडी चालवायला, मागे खुर्ची आडवी आणि तिच्याशेजारी अंग चोरून मी. पाच मिनिटांत निघालो. म्हणजे जमत होतं. एक जण घरी राहिला असता तर त्या रविवारीही...

रवी आबांच्या गळ्यात पडला. नंतर डोळे पुसत म्हणाला, "मामा, ताप उतरला का?"
आबांनी माझ्याकडे बघितलं.
"उतरला," म्हणाले.

१६ मार्च
मि. म्हणतो, ही देऊन टाकू, ती उंच घेऊ. आत्ता? उगाच त्याच्यावर ओरडले. चूक त्याची नव्हती.

२४ मार्च
आबांना व्यायामाला मी एकटीनं नेलं. खुर्ची मागे, आम्ही दोघं पुढे. येताना द्वारकेच्या सिग्नलला अडकलो. समोर बघतच म्हणाले, "तिनं माझं विचारलं होतं का?"
"हो."
"काय म्हणाली?"
दार आठवलं, ती उचललेली मान आठवली. वाक्य जुळवत होते तोवर सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. गाडी पुढं काढली. आबांनी पुन्हा विचारलं नाही.
घरी उतरताना माझा खांदा नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून उभे राहिले. मुद्दाम, की पाय उचलत नव्हता म्हणून, कळलं नाही.