पंख्याचा लाल दिवा

आई,

परवा गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. आणायला गेले तेव्हा मेकॅनिकला सवयीनं विचारलं, रेडिएटरचा पंखा जास्त वेळ तर चालत नाही न? तो हसायलाच लागला. "दीदी, वो तो कंप्यूटर देखता है, आप काहे को टेन्शन लेते हो?" इंजिन किती तापलं, पंखा हळू फिरवायचा की जोरात, बंद केव्हा करायचा, आता म्हणे सगळं गाडीच पाहते. त्यामुळे पेट्रोल वाचतं, हेही त्यानं मलाच समजावून सांगितलं. मला! घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं. बाबांचा राग आला, तुझा आला, आणि त्या कंप्यूटरचा सगळ्यात जास्त. मेल्या, यायचंच होतं तर इतक्या उशिरा काहून आलास?

तुला आठवतं, नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि आपल्याकडे ती जुनी लहान गाडी आली. नागपूरची मावशी म्हणाली होती, "आता काय बाई, राजधानीवाले!" तू गाडीला हळदीकुंकू लावलंस आणि तिथेच, हातात ताट घेऊन, बाबांना म्हणालीस, "मलेही शिकवा न चालवायला." आम्ही हसलो नाही. तू गंमत करत नव्हतीस हे तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं. बाबा म्हणाले, "शिकवतो न. पहिले गाडी समजून घे." आणि गाडी समजून घेण्याची सुरुवात पंख्यापासून झाली. बाबांचं सगळं लक्ष एव्हरेजवर. पंखा चालतो बॅटरीवर, बॅटरी भरते इंजिनवर, इंजिन पितं पेट्रोल. म्हणजे पंखा जितका कमी लागेल तितकं बरं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी सदर बाजारातल्या एका इलेक्ट्रिशियनकडून डॅशबोर्डवर एक लाल दिवा बसवून घेतला. पंखा सुरू झाला की दिवा लागायचा. चालवणाऱ्यानं रस्ता पाहायचा आणि डावीकडच्या सीटवरच्या माणसानं दिवा. डावीकडे तू.

"लागला," तू म्हणायचीस. बाबा लगेच पाय हलका करायचे. "बंद झाला." बाबा खूश. उगाच बोलत नाही, त्यांचं चुकत नव्हतं. पंखा फार वेळा लागून राहिला हे तुझ्यामुळेच कळलं, मग त्यांनी रेडिएटर उघडून पाहिला तर उरल्याच्या कारखान्यांची सगळी काळी धूळ जाळीत बसलेली. रविवारी सकाळी तुम्ही दोघं अंगणात बसून जुन्या टूथब्रशनं ती जाळी साफ करत होतात. त्यानंतर एव्हरेज खरंच वाढलं. बाबांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, "आमच्या घरी मॅडम पाहतात पंखा." तू चहा गाळता गाळता लाजली होतीस. मला वाटतं तुला वाटलं असावं, झालं, आता पुढचा धडा.

पुढचा धडा मला मिळाला. मी कॉलेजात गेले आणि बाबा म्हणाले, पोट्टीले गाडी यायलाच पाहिजे. रोज सकाळी ते मला घेऊन जायचे आणि तू फाटकापर्यंत येऊन उभी राहायचीस. एकदा तू स्पष्ट विचारलंस, "माझा नंबर कधी?" बाबा अगदी प्रेमानं म्हणाले, "अवो, तू पंखा पाहून राहिली म्हणून तर गाडी असं एव्हरेज देऊन राहिली. तू चालवाले बसली तर पाहील कोण?" त्यांना ते कौतुक वाटत होतं. आजही वाटतं. तू इतकी हुशार नसतीस, दोन-चारदा चुकली असतीस, तर सुटली असतीस गं आई.

एकदाच चुकलीस. अभनपूरला लग्नाला चाललो होतो, मागे मावशी आणि मी. रस्त्याकडेच्या तळ्यात कमळं फुललेली. तू मान वळवून म्हणालीस, "पाह्य न, किती आहेत!" आणि पाहतच राहिलीस. बाबांनी गाडी बाजूला घेतली. "कव्हाचा लागून आहे दिवा! काय पाहून राहिली होतीस?" मावशीसमोर. तू म्हणालीस, "अहो, दिवा तुमच्याही समोरच आहे." मावशी फिसकन हसली, बाबा लग्नात जेवले नाहीत, आणि परत येताना तू एकदाही खिडकीकडे पाहिलं नाहीस. मला तेव्हाही राग आला होता, पण घरात राग बोलून दाखवायची आपली पद्धत नव्हती. आपण भाजीत मीठ कमी झालं तरी आधी एकमेकांकडे पाहायचो.

मग ती दुपार. मी सुट्टीत घरी आले होते, बाबा ऑफिसच्या कामाला बिलासपूरला गेलेले. मी किल्ली काढली आणि म्हटलं, चल. तू चपला बदलून पायात बूट घातलेस, माझे जुने. शहराबाहेर नवी राजधानी बांधत होते, तिथले ते रुंद रस्ते, इमारती अजून अर्ध्या, माणूस नाही काणूस नाही. पदर खोचून तू बसलीस. गाडी बंद पडली, पुन्हा पडली, तू तिला "चाल वं बाई" म्हणालीस आणि ती चालली. मी डावीकडे. दिवा लागला, माझ्या तोंडून निघून गेलं, "लागला!" तू समोरून नजर न हलवता म्हणालीस, "लागू दे. त्याचं काम आहे ते." मग मोठ्या चौकात तू गाडी गोल फिरवत राहिलीस. बाहेर पडायचं कळत नव्हतं की पडायचंच नव्हतं, कोण जाणे. आपण रस्ता चुकलो असं वाटून बकऱ्या चारणारी एक बाई ओरडली, "रद्दा भुला गे हव का दीदी?" तू काच खाली करून तिच्याच बोलीत म्हणालीस, "नइ ओ, घूमत हंव!" तुझा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं आणि मी पाण्याची बाटली शोधायचं नाटक केलं. घरी आल्यावर सीट जशी होती तशी तूच मागे सरकवलीस. "यांना नको सांगू," म्हणालीस. "मी सांगीन. नीट आली की मीच घेऊन जाईन त्यांना फिरवायला." मी म्हटलं, दिवाळीत पुन्हा जाऊ.

दिवाळीत तू हॉस्पिटलात होतीस. बाबा गाडीनं तिकडे नेत होते तेव्हा मी मागे, तू डाव्या सीटवर, मान टेकवलेली, तरी ओठ हलले, "लागला." बाबा म्हणाले, "लागू दे वं. तू डोळे मीट." गाडी त्यांनी त्या दिवशी जशी पळवली तशी कधीच पळवली नव्हती. तू नीट शिकली नाहीस, त्यांना फिरवलं नाहीस, आणि सांगायचं ते सांगितलं नाहीस. दिवाळीपर्यंत थांबायला मला कोणी सांगितलं होतं?

आता ही नवी गाडी मी चालवते आणि तुझ्या जागी बाबा बसतात. खूप थकलेत. गाडीत पाहायला काही नाही म्हणून रस्ता पाहतात, दुकानांच्या पाट्या वाचतात. गेल्या आठवड्यात सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक तुझ्याच वयाची बाई गाडी चालवत होती, चष्मा लावून, एकटी. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग मला विचारलं, "तुझ्या आईले शिकवलं असतं तर तिनं चालवली असती का गं?" आवाज असा की मी काहीही म्हटलं असतं तरी त्यांनी खरं मानलं असतं. तू सांगणार होतीस ते सांगायची वेळ तीच होती. सगळं सांगता आलं असतं, चौक, बकऱ्या, बूट.

मी म्हटलं, "नाही बाबा, ती घाबरायची."

त्यांना बरं वाटलं. डोळे मिटून मागे टेकले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलले असं सगळ्यांना वाटेल, तुलाही वाटेल. तसं नाही, आई. ती दुपार माझ्याजवळ तुझी एवढीच एक गोष्ट आहे, जी त्यांची नाही. मला ती त्यांना द्यायची नव्हती.