टाकाऊतून रुखवत

२४ ऑक्टोबर, सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. कारण : रेकॉर्ड. शिरोलीच्या फौंड्रीत छत्तीस वर्षं क्वालिटीत काढली, मागच्या जूनला रिटायर झालो. रेकॉर्ड नाही ते काम झालंच नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

काल कागलचे पाहुणे आले. अनुजाच्या लग्नाच्या याद्या झाल्या. तारीख ३० नोव्हेंबर. मानपान सगळं गोडीत मिटलं. उठता उठता व्याही उदयसिंहरावांनी सहज विचारलं, रुखवत कुणाकडं दिलंय पावणं? मी म्हणालो, कुणाकडं द्यायचं कशाला? कार्यालयात टेबलावर जी वस्तू मांडली जाईल ती मी स्वतः हातानं केलेली असंल. घरच्या टाकाऊतनं. बावीस माणसं ऐकत होती. सगळी गप्प झाली. कौतुकानं.

पाहुणे गेल्यावर ही म्हणाली, भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजारच्या आकारामभाऊंना हाक मारता, आणि रुखवत करणार व्हय? खिळ्याचा विषय वेगळा आहे. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातली चूक शोधली. ज्याला चूक दिसते त्याला काम येतंच. उघड आहे.

अनुजा लॅबमधून दमून आली होती. ती म्हणाली, पप्पा, सगळं नको, एकच वस्तू करा, पण नीट करा. मी ती कागलला माझ्या खोलीत ठेवणार. तुमच्या हातचं माझ्याकडं कायच न्हाय.
एकच म्हणजे माझा अपमान आहे. एकवीस करणार.

२५ ऑक्टोबर
प्लॅनिंग. तक्ता भिंतीला लावला (चिकटवून. खिळा नको). ३६ दिवस, २१ वस्तू. म्हणजे वस्तूला पावणेदोन दिवस. निवांत आहे.

टॅग कापले. कंपनीत छापील असायचे. घरच्या तपासणीसाठी मी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून स्वतः कापतो, चारी कोपरे गोल. हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे रिवर्क, लाल म्हणजे रिजेक्ट. हिरवे २१ कापले, पिवळे २. लाल लागणार नाहीत.

टॅगवरून आठवलं. अनुजा पाचवीत असताना आईस्क्रीमच्या काड्यांचं घर करून घेऊन आली होती. मी व्हर्नियर लावून बघितलं. दार दोन एमएम तिरकं. लाल टॅग लावला, खाली सही. त्यानंतर तिनं मला कधीच काही दाखवायला आणलं नाही. एका टॅगमध्ये पोरगी सुधारली.

२८ ऑक्टोबर
वस्तू क्र. १ : काचेच्या बाटलीचा दिवा. मोबाईलवर बघितलं. बाटलीला सुतळी बांधायची, रॉकेल लावून पेटवायची, मग गार पाण्यात बुडवायची. बाटली बरोबर आडवी कापली जाते. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून खोबरेल वापरलं.

बाटली उभी गेली. बादलीसकट.

२९ ऑक्टोबर
बादली नवीन आणली. दिवा तक्त्यातून काढला. काच हे मटेरियल मुळातच बेभरवशाचं. शिल्लक वस्तू २०.

३१ ऑक्टोबर
आक्का आली. माझी थोरली बहीण, चार घरं सोडून राहते. गल्लीतल्या चौदा पोरींची रुखवतं तिनं केलीत. म्हणाली, जोत्या, माझ्याकडं दे, तू पाहुण्यांत फजिती करून घेशील. मी शांतपणे सांगितलं, आक्का, हौस वेगळी आणि क्वालिटी वेगळी. आक्का हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात हिच्याकडं गेली. दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. कशाबद्दल ते विचारलं नाही, बायकांचं असतं काहीतरी.

३ नोव्हेंबर
ही रोज दुपारी आक्काकडं भजनाला जायला लागली आहे. दोन ते पाच. लग्नघरात देवाधर्माकडं ओढा वाढतो, चांगलं आहे. मला शांतता मिळते.

करवंटीचं कासव केलं. पाय वाटाण्याचे, डोकं खारकेचं. दारात वाळत ठेवलं होतं. आकाराम आला आणि त्यानं चप्पल काढून हाणली. म्हणाला, मला वाटलं घूस हाय. आकारामची नजर आता पूर्वीची राहिली नाही. पिवळा टॅग.

५ नोव्हेंबर
वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची टोपली. ही मात्र जमली! गोल गोल गुंडाळायचं, खळ लावायची. सुरळ्या कमी पडल्या तेव्हा कपाटावर लांब कागदांची एक चळत मिळाली, कोणीतरी पेनानं भरलेली. वापरून टाकली. टोपली एकदम टणक. हिरवा टॅग लावला. आयुष्यातला माझा पहिला स्वतःच्या कामावरचा हिरवा.

संध्याकाळी ६
ती चळत म्हणजे पाहुण्यांची यादी होती. पत्रिका वाटायच्या पत्त्यांसकट. हिनं दहा दिवस बसून केलेली.

खूप बोलली. सगळं लिहीत नाही.

७ नोव्हेंबर
टोपली उकलत नाही. माझ्या खळीची ताकद. त्यामुळे पत्रिका लिहायला अनुजा आणि ही टोपली मांडीवर फिरवत फिरवत बसल्या आहेत. पाहुणे गोलाकार आलेत. गडमुडशिंगीची भावकी काठावर आहे, हिच्या माहेरचे मधल्या वेढ्यात. बुडाचे वाचता येत नाहीत. बुडाशी कोण कोण आहेत ते कोणालाच आठवत नाही, म्हणजे महत्त्वाचे नसावेत.

८ नोव्हेंबर
बुडाशी हिचा सख्खा भाऊ होता.

११ नोव्हेंबर, सकाळी ६.३०
काल रात्री हिशोब केला, तक्त्यात बारा दिवस मागे आहोत. निर्णय : लहानसहान वस्तू बंद. एकच मोठी. अनुजा म्हणत होतीच. पन्हाळगड! दिवाळीच्या मिठाईचे सतरा रिकामे बॉक्स आहेत. तट, बुरूज, तीन दरवाजा, सगळं स्केलमध्ये. कागलकरांचे डोळे दिपले पाहिजेत.

आणि खळ साधी नको. खरा पन्हाळा चुन्यात गूळ घालून बांधलाय असं माझे आजोबा सांगायचे. शतकं झाली, हललाय का? बाजारच्या डिंकात ती ताकद कुठली. हंगाम सुरू झालाय, कालच गुऱ्हाळावरनं लग्नासाठी गुळाच्या ढेपा आल्यात. त्यातली अर्धी मैद्यात शिजवली. हिनं विचारलं, खळीत गूळ? मी म्हणालो, तू कोल्हापूरची ना? मग असं विचारतेस कसं. ही भजनाला गेली.

१४ नोव्हेंबर
गड उभा राहिला. देखणा. वास पुरणपोळीचा येतो, तेवढं शुभकार्याला शोभून दिसतं. अनुजानं बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाली, पप्पा, बुरूज छान झालाय. बुरूज नव्हता, तो बॉक्स वाळताना फुगला होता. पण छान म्हणाली. मला फार बरं वाटलं. लहानपणी तिला असं कोणी म्हणालं असेल का, असं उगाच मनात आलं.

हिरवा टॅग.

१५ नोव्हेंबर
पश्चिमेकडून मुंग्या.

१६ नोव्हेंबर
गडाला चारी बाजूंनी वेढा पडला आहे. लाल मुंग्या. हळदीची रेघ मारली, ओलांडली. खडूची मारली, ओलांडली. आकाराम बघायला आला आणि म्हणाला, पावणं, आतनं शिबंदीसकट फितूर झालाय तुमचा गड. त्याला बोलावलं नव्हतं.

ही म्हणाली, टाकून द्या आता. मी म्हणालो, एवढ्यात हार मानायची असती तर फौंड्रीत छत्तीस वर्षं टिकलो नसतो. ती म्हणाली, फौंड्रीत तुम्ही काय बनवलं? हा प्रश्नच चुकीचा आहे.

हिच्या केसांत दोन सोनेरी टिकल्या चिकटल्या होत्या. हल्ली भजनाला नटून जातात वाटतं.

१८ नोव्हेंबर
उपाय सापडला! आई दुधाचं पातेलं मुंग्यांपासून वाचवायला परातीत पाणी घालून त्यात ठेवायची. मोठी परात आणली, पाणी भरलं, गड मधोमध ठेवला. मुंग्या काठाशी येऊन थांबल्या. सायन्स.

१९ नोव्हेंबर, सकाळी ६
पुठ्ठा पाणी पितो हा मुद्दा सुटला होता.

तट खचला. तीन दरवाजा बसला. सगळं मिळून गुळाची ओली खीर झाली आहे. मुंग्या पोहून आल्या.

लाल टॅग कापायला घेतला. मग नाही कापला. गोडाऊनमध्ये झाकून ठेवलं, वाळेल. कन्सेशनवर, म्हणजे दोष चालवून घेऊन, पास करता येईल.

२४ नोव्हेंबर
आढावा. मूळ उद्दिष्ट २१. सुधारित उद्दिष्ट ३. टोपली (पत्ते असलेली), कासव (आकारामनं हाणलेलं), पन्हाळा (पायथा शिल्लक). कमी पण निवडक.

अनुजानं आज विचारलं, पप्पा, माझी वस्तू कुठली? मी म्हणालो, सरप्राईज. ती म्हणाली, बरं. आणि माळ्यावर काहीतरी शोधायला चढली. हिला म्हणाली, आई, ते सापडलं बघ. काय सापडलं ते मला दाखवलं नाही.

२९ नोव्हेंबर
तिन्ही वस्तू बॉक्समध्ये पॅक. हिला स्पष्ट सांगितलं, टेबलावर मधोमध मांडायच्या. ही व्हय म्हणाली. एवढ्या पटकन व्हय म्हणाली याचं नवल वाटलं. लग्नाच्या गडबडीत माणूस मऊ होतो.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७
लग्न झालं. अनुजा गेली. क्रमानं लिहितो.

कार्यालयात पोहोचलो तर आमच्या रुखवताच्या टेबलावर दुसऱ्याच कोणाचं तरी रुखवत. वीस फूट. सुपाऱ्यांची वरात, जरीचे मोर, मण्यांची सप्तपदी, सगळीकडं सोनेरी टिकल्या. मी मॅनेजरला गाठून तक्रार केली. तो म्हणाला, पावणं, हे वर्षाराणी वहिनी आणि आक्कांनी मांडलंय की. वर्षाराणी ही आमचीच ही. तेव्हा भजनाचा उलगडा झाला. रोज तीन तास, चार आठवडे.

माझ्या वस्तू शोधल्या. टेबलाखाली, कापडाच्या मागं, सुरक्षित ठेवल्या होत्या.

टेबलाच्या मधोमध मात्र एक लहानसं आईस्क्रीमच्या काड्यांचं घर होतं. उदयसिंहराव बरोबर तिथं येऊन थांबले. मोठ्यानं म्हणाले, ह्ये कुणी केलंय? लई झकास जमलंय. हे तुमच्या हातचं व्हय पावणं? आसपास माणसं जमली, याद्यांच्या वेळची बहुतेक सगळी. महिनाभर इतकं काम केलं होतं की सगळं कुठलं लक्षात राहणार. मी म्हणालो, व्हय की. छत्तीस वर्षं क्वालिटीत होतो, फिनिशिंग बघा.

त्यांनी फिनिशिंग बघायला घर उचलून उलटं केलं. खाली लाल टॅग होता. उदयसिंहरावांचा आवाज मोठा आहे, त्यांनी तो वाचला. रिजेक्ट. दार दोन एमएम तिरकं. तारीख १२ जानेवारी २०१०. तपासणारा, आणि माझी सही. वळणदार.

सगळी गप्प झाली. या वेळी कौतुकानं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

अनुजा शालू नेसून शेजारीच उभी होती. ती हसून सासऱ्यांना म्हणाली, मामा, ते घर माझं हाय. सही तेवढी पप्पांची. लोक हसले. चांगलं हसले, वाईट नाही. मी पण हसलो. मग पाणी प्यायला म्हणून मागं गेलो आणि बराच वेळ पाणी प्यालो.

नंतर सगळे पंगतीला बसले तेव्हा ते घर पुन्हा बघितलं. व्हर्नियर नव्हता. डोळ्याला दार तिरकं दिसलं नाही. दहा वर्षांच्या पोरीनं केलेलं सुंदर घर होतं. मला वाईट वाटलं. रेकॉर्ड म्हणून लिहून ठेवतो.

२ डिसेंबर, सकाळी १०
घर मोकळं मोकळं आहे. ही झोपली आहे, महिनाभराची दमलेली. पन्हाळ्याचा पायथा आकाराम परड्यात टाकून आला.

रिकामपणी एक काम काढलं. पत्रिका उरल्यात, त्यातल्या हिरव्या कागदाचा एक टॅग कापला. ओके लिहिलं, सही केली, आजची तारीख टाकली. सोळा वर्षं उशीर, पण तपासणी पूर्ण. मग अनुजाला फोन लावला. म्हणालो, ते काड्यांचं घर तिकडं नेलंयस ना? ती म्हणाली, व्हय की, खिडकीत ठेवलंय. मी म्हणालो, रविवारी मी कागलला येतो, तो लाल टॅग काढून टाकूया, हिरवा आणतो.

ती म्हणाली, नको पप्पा, लालच राहू द्या. तुमच्या हातचं तेवढंच तर हाय माझ्याकडं.

फोन ठेवला. हिरवा टॅग तक्त्यावर चिकटवून ठेवला. ती म्हणते ते बरोबर आहे, तो लाल टॅग मी हातानंच कापला होता. परवा नीट बघितला. चारी कोपरे गोल आहेत.