खुर्चीवरचा हात

नाना, ग्रामपंचायतीच्या हॉलमधले तुम्ही बनवलेले चारही फोटो अजून जागेवर आहेत. मध्यंतरी हॉलला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्यांनी ते उतरवून बाकावर रांगेने ठेवले होते. मी आत गेलो आणि तसाच मागे फिरलो. फोटो भिंतीवर असताना माणूस चेहरे बघतो. खाली ठेवल्यावर मला मीच दिसत होतो, चार वेगवेगळ्या डोक्यांचा.

कारगिलचं वर्ष होतं ते. टीव्हीवर रोज तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या, आणि सरपंचांना आपल्या गावातले न परतलेले आठवले. दोघे महायुद्धातले, एक पासष्टचा, एक एकाहत्तरचा. एकाच्याही घरी वर्दीतला फोटो नव्हता. कुठे जत्रेतला, कुठे लग्नातला, एकाचा तर नुसता नखाएवढा चेहरा. "माझ्याकडं द्या," तुम्ही म्हणालात. निवृत्त हवालदारांची वर्दी मागून आणलीत आणि मला चढवलीत. छाती कमी भरली म्हणून मी त्याच महिन्यात भरतीतून परत आलो होतो. आपल्या स्टुडिओच्या आरशात मी स्वतःकडे बघतच राहिलो. "आरसा पुरे. हात खुर्चीवर ठेव. करंगळी आत घे!" तुम्ही कॅमेऱ्यामागून खेकसलात. ती आत जात नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माझ्या लहानपणी दुकानाचं शटर तुम्हीच तर तिच्यावर ओढलं होतंत.

मग चौघांचे चेहरे तुम्ही माझ्या मानेवर बसवलेत. कात्रीने कापून, चिकटवून, पुन्हा फोटो काढून, सांधा ब्रशने बुजवून. आई भडकली होती. "पोराचा पार रावण करून टाकला तुम्ही. अन् जित्या माणसाला हार घालतात का कुठं?"

"हार तोंडाला असतो, धडाला नाय," तुम्ही हसत म्हणालात.

पंधरा ऑगस्टला हार पडले, ते माझ्याच छातीवर येऊन टेकले. एकाहत्तरात गेलेल्याची बायको, आपल्या मागच्या आळीतल्या काकू, फोटोपुढे बराच वेळ उभ्या होत्या. तो गेला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यांनी काचेवरून खुर्चीवरच्या हाताला बोट लावलं. आता त्या ओळखणार, असं वाटून मी माझा हात खिशात घातला. त्या नमस्कार करून बाजूला झाल्या. चौघांचीही करंगळी वाकडी आहे, हे गावात आजवर कुणी बोललेलं नाही. जो तो आपल्याच माणसापुढे उभा राहतो.

परवा काकू स्टुडिओत आल्या. आता त्या खूप थकल्यात. हॉलमधल्याच फोटोची त्यांच्या घरी प्रत होती, तिला ओल लागली, दुसरी हवी होती. "करंगळी नीट येऊ दे बरं, बाळा. लहानपणी गाडीच्या चाकात सापडली व्हती त्यांची. लय लपवायचे. मी तीच धरून झोपायची."

त्यांनी तुम्हाला दिलेला जत्रेतला मूळ फोटो अजून ड्रॉवरमध्ये आहे. मी काढून पाहिला. त्याचे दोन्ही हात स्पष्ट दिसतात. बोटं सरळ आहेत, नाना, सगळी.

नवरीच्या गालावरची पुटकुळी तुम्ही ब्रशच्या एका टोकाने घालवायचात. मग ही करंगळी का ठेवलीत? तुमच्या हयातीत विचारायचं राहून गेलं, आणि आता त्या प्रश्नाने मला झोप नाही. आता तर कॉम्प्युटरवर ते चुटकीचं काम आहे. मी माऊस धरून बसलो, आणि तशीच राहू दिली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच पुढचं लिहितो. फोटो देताना काकूंनी माझा हात पाहिला. वाकडी करंगळी मुठीत घट्ट धरली आणि डोळे मिटले. सोडेचनात. तशीच धरून म्हणाल्या, "तुझी बी तशीच हाय की रे. कशानं झाली?"

मी म्हणालो, "गाडीच्या चाकात, काकू."